सिरियम ऑक्साइड की फ्लोराइड: नमुना न विरघळवता कसं ओळखायचं?

प्रश्न (तुर्भे): चूर्णात सिरियम आहे, एवढं एक्सआरएफने (क्ष-किरण फ्लोरेसन्सने) कळलं. संयुग कोणतं?

उत्तर: एक्सआरएफ मूलद्रव्यच सांगणार. अनुनादी रामन स्कॅटरिंग करा, म्हणजे मूलद्रव्याच्या शोषण कडेच्या किंचित खालच्या ऊर्जेचे क्ष-किरण टाकून विखुरलेल्या किरणांचा वर्णपट पाहा. सिरियमची एल-३ कडा (ज्या ऊर्जेपासून एल कवचातला इलेक्ट्रॉन सुटू लागतो) ५७२३ इव्ही (इलेक्ट्रॉनव्होल्ट), किरण ५६५० वर ठेवा. रामन शिखर ४७६६ जवळ संपतं; संयुगांमधला फरक त्याच्या कमी ऊर्जेकडच्या शेपटीत असतो. दोन्ही शुद्ध संयुगांचे वर्णपट त्याच मांडणीत घ्या, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. साध्या क्ष-किरण नळीवर जमणार नाही. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनसाठी (प्रखर क्ष-किरणांचा स्रोत) अर्ज करा.

दुसरं उत्तर: आधी लँथॅनम तपासा! त्याची कडा ५४८३, म्हणजे तेही उत्तेजित होणार, आणि त्याची ४६५१ ची रेषा नेमकी त्या शेपटीवर बसते. सुमारे १३० इव्ही विभेदनाच्या डिटेक्टरला ती वेगळी काढता येत नाही.

तिसरं उत्तर: मोनोक्रोमेटरचा (किरणांतून एकच ऊर्जा निवडणाऱ्या उपकरणाचा) दुसरा स्फटिक किंचित डिट्यून करा, म्हणजे पहिल्याच्या तुलनेत जरासा तिरका करा. नाहीतर सोबत येणारा तिसरा हार्मोनिक (निवडलेल्या ऊर्जेच्या तिप्पट, साधारण १७ केइव्ही) सिरियमची खरी फ्लोरेसन्स उठवतो आणि रामन झाकला जातो.