मदत हवी आहे: हॅमर टोसाठी चप्पल

६२ वर्षांच्या मधुमेही काकूंसाठी विचारतेय. पायाचं दुसरं बोट मधल्या सांध्यात वाकलंय (यालाच हॅमर टो म्हणतात), वर वाटाण्याएवढं कुरूप. चवड्याखालून दाबलं की बोट सरळ होतं, म्हणजे सांधा अजून लवचिक आहे, ऑपरेशनची घाई नाही. बोटाखाली सिलिकॉनची उशी चालू आहे. कॉर्न कॅप (कुरूपावर चिकटवायची औषधी पट्टी) मुद्दाम टाळली. त्यातलं सॅलिसिलिक ॲसिड मधुमेहाने बधिर झालेली कातडी जाळतं आणि जखम कळतही नाही.

अडलंय ते चपलेपाशी. मागे पट्टा नसला की चप्पल धरून ठेवायला बोटं आणखी आकसतात. बुटाचा पुढा उथळ, तिथे कुरूप घासतं. मागे पट्टा, पुढे खोली, लांब बोटापुढे १ सेंमी जागा, वरचा पट्टा सांध्यावर न येणारा, असं मापाने शिवून देणारं पुण्यात कुणी आहे का?