साताऱ्यात जपानी मेपल: पहिल्या वर्षीची लाल पालवी पुन्हा का आली नाही?

गच्चीकर, सातारा

सप्रेम नमस्कार. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी हिमाचलातील एका रोपवाटिकेतून जपानी मेपलचे ‘देशोजो’ जातीचे कलमी रोप मागवले. ओल्या शेवाळात मुळे गुंडाळलेली, एकही पान नसलेली ती दीड फुटाची काडी पाहून घरच्यांनी माझ्या व्यवहारज्ञानाविषयी जे बोलायचे ते बोलून घेतले. मात्र पंचवीस दिवसांत काडीवरचे डोळे, म्हणजे पालवीच्या कळ्या, फुगले आणि मिटलेल्या छत्रीसारखी खाली लोंबणारी, नखाएवढी किरमिजी पाने बाहेर आली. सकाळी सातच्या उन्हात झाडाच्या मागे बसले की पानांतून उजेड आरपार येई आणि शिरा काळसर दिसत. हा रंग जेमतेम अठरा दिवस टिकला, मग शिरांपासून कडेकडे हिरवा होत गेला. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या, तरी झाड जगले.

यंदा मात्र थंडीत पाने पुरती गळलीच नाहीत. मार्चमध्ये शेंड्याकडचे चार डोळे फुटले. बाकीच्या फांद्या निजल्यासारख्या उभ्या आहेत, नखाने साल खरवडली तर आत हिरवेगार दिसते. कुंडी चौदा इंची, गच्ची पूर्वेकडची, पाणी बोअरचे, आणि दर पंधरवड्याला शेणाची निवळ घालतो. माझे कुठे चुकले, आणि ती लाल पालवी पुन्हा पाहायला मिळेल का?

काडीवाला, तासगाव

आपले फारसे काही चुकलेले नाही. झाडाची झोप पुरी झालेली नाही, एवढेच. मेपलच्या डोळ्याला उमलण्याआधी शून्य ते सात अंशांच्या आसपासची थंडी एकूण कित्येक आठवडे मिळावी लागते. पहिल्या वर्षी ती हिमाचलात मिळून गेली होती, म्हणजे आपण पाहिलेली पालवी वास्तविक तिकडच्या हिवाळ्याची होती. साताऱ्यात पहाटे पारा दहा-बारा अंशांवर आला तरी दुपारी तो तिशीकडे सरकतो. शेंड्याचे चार डोळे फुटून खालचे निजून राहणे ही अपुऱ्या थंडीची नेहमीची खूण आहे.

आम्हा द्राक्षवाल्यांना हे दुखणे घरचे आहे. आमच्याकडे वेल आपण होऊन झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करून आम्हीच त्याला वर्षाचे वेळापत्रक लावून देतो, आणि फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतो. हे वाचून कोणाला तोच उपाय मेपलवर करण्याचा मोह होईल, म्हणून आधीच सांगतो: करू नये. ते औषध विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळावे लागते, लावणाऱ्याने त्या सुमारास मद्य घेतले तर प्रकृती गंभीर बिघडते, आणि मेपलची पातळ साल त्याने भाजण्याचीच शक्यता अधिक.

दुसरे म्हणजे बोअरचे पाणी. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरत असेल तर कडा करपण्याचे अर्धे कारण तेच समजावे. उरलेले अर्धे पश्चिमेचा कोरडा वारा. पावसाचे पाणी पिंपात साठवून तेच घालावे.

जांभ्यावरचा, पाचगणी

माझ्याकडे सहा वर्षांपासून दोन झाडे आहेत. ‘कुंडी पाचगणीला पाठवून द्या’ असे कोणी सुचवण्यापूर्वीच खुलासा करतो की येथील थंडीही मेपलला पुरत नाही. वेण्णा लेकच्या काठी दव गोठल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, पण तो खेळ मोजक्या पहाटांचा आणि सखल जागेचा असतो. तेराशे मीटरांच्या उंचीचा लाभ उन्हाळ्यात होतो, पाने करपत नाहीत. पावसाळ्यात उलट मुळे कुजण्याची धास्ती असते. जून ते सप्टेंबर दोन्ही कुंड्या झड लागणार नाही अशा पडवीत, विटांवर उचलून ठेवतो.

थंडीसाठी मी जो उपाय करतो तो ऐकून हसू येईल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरलेली पाने देठ ठेवून कात्रीने काढतो, माती नुसती ओलसर राहील इतके पाणी देतो आणि कुंडी सछिद्र पिशवीत घालून जुन्या फ्रिजमध्ये चार-पाच अंशांवर आठ आठवडे ठेवतो. पाने नसलेल्या, निजलेल्या झाडाला उजेडाची गरज नसते. त्या फ्रिजमध्ये सफरचंद किंवा चिकू ठेवू नये, कारण पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने डोळे मरतात. पहिल्या वर्षी माझे एक झाड अर्धे वाळले ते असेच. फेब्रुवारीत बाहेर काढून आधी सावलीत आणि मग सकाळच्या उन्हात ठेवले की तीन आठवड्यांत पालवी येते.

शेणाची निवळ मात्र पालवीच्या काळात बंद ठेवावी. नत्र वाढले की पान लवकर हिरवे होते.

निवृत्त शिक्षक, कराड

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. वसंतातील रंगाविषयी थोडी भर घालतो. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरते तयार झालेले नसते, आणि त्या अवस्थेत ॲन्थोसायनिन हे लाल द्रव्य प्रखर उन्हापासून पानाला आडोसा देते. दिवस उजळ आणि रात्री थंड असतील तेथे हा लाल रंग टिकतो. आपल्या मार्चच्या रात्री उबदार, म्हणून आपल्याकडे अठरा दिवसच नशिबी. नवे रोप घ्यायचेच झाले तर उष्णता अधिक सोसणारा त्रिदली मेपल पाहावा. पालवी इतकी भडक नसते, पण ती दरवर्षी येण्याची आशा बाळगता येते.

आता एक विषयांतर वाटेल असे, पण विषयातलेच. पूर्वी मेपलचे कुळ स्वतंत्र धरत असत. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला रिठ्याच्या कुळात घालतात. त्याच कुळात आपला कुसुंब आहे. फेब्रुवारीअखेर कुंभार्ली घाट उतरताना हिरव्या-करड्या उतरणीवर एखादेच झाड पेटल्यासारखे लाल दिसते, ती फुले नव्हेत, कुसुंबाची पालवी आहे. त्याला ना फ्रिज लागतो ना पिंपातले पाणी. कुंडीत हे झाड रमणार नाही, मोठे होते आणि सावकाश वाढते. परंतु गावाकडे बांध असेल तर पावसाळ्याच्या तोंडी पिकलेल्या फळांचे बी ताजे असतानाच पेरून पाहावे.

गच्चीकर, सातारा

सर्वांचा आभारी आहे. कुंडीच्या काठावर खरोखरच बोटाने खरवडता येईल इतका पांढरा थर आहे. आज तो धुऊन काढला. निवळ बंद केली. बहिणीकडे पडून असलेला जुना फ्रिज डिसेंबरपर्यंत मिळवतो, त्यासाठी घरच्यांचे आणखी एकदा ऐकून घ्यावे लागेल. आमची जमीन पाटणजवळ आहे आणि बांधावर एक झाड आहे, ज्याला वडील कोशिंब म्हणत आणि ज्याची आंबट फळे आम्ही लहानपणी मीठ लावून खात असू. शिक्षक महाशय, कुसुंब तो हाच ना?

निवृत्त शिक्षक, कराड

हाच. पुढच्या फेब्रुवारीत जाऊन या.