चिठ्ठी हातात घेतलेला विद्यार्थी खरा ग्राहक असतो का? व्हर्नन स्मिथ यांच्या प्रयोगांविषयी

प्रश्न
मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा जिथे छेदतात तिथे किंमत ठरते, असे आम्ही फळ्यावर दाखवतो. पण किंमत त्या बिंदूपर्यंत पोहोचते कशी, हे दरवर्षी कुणीतरी विचारतेच. व्हर्नन स्मिथ यांनी १९५६ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात वर्गातच बाजार भरवून हे तपासले आणि २००२ मध्ये डॅनियल काहनेमन यांच्यासह त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, हे मला ठाऊक आहे. शंका अशी, की ज्याला वस्तूची गरजच नाही, केवळ चिठ्ठीवर आकडा लिहून दिला आहे, अशा विद्यार्थ्याच्या वागण्यावरून ग्राहकाविषयी काय सांगता येते?

उत्तर १
शंका रास्त आहे, पण स्मिथ यांचा मूळ प्रश्न ग्राहकाच्या मनाचा नव्हता, बाजाराच्या नियमांचा होता. त्यांच्या आधी एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्डमध्ये असाच प्रयोग करून १९४८ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात विद्यार्थी खोलीभर फिरून जोडीजोडीने घासाघीस करत, आणि किमती समतोलापासून, म्हणजे दोन रेषा छेदतात त्या किमतीपासून, दूर विखुरत. आपल्याकडच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरतो, तेव्हा शेजारच्या माणसाला भाव कळत नाही. साधारण तीच स्थिती. विद्यार्थिदशेत त्या प्रयोगात स्वतः भाग घेतलेल्या स्मिथ यांनी दोन गोष्टी बदलल्या. ग्राहक आणि विक्रेते दोघांनीही आपली बोली सर्वांसमोर मोठ्याने सांगायची, आणि त्याच चिठ्ठ्या घेऊन तोच बाजार पुन्हापुन्हा भरवायचा. ग्राहकाच्या चिठ्ठीवर त्याने द्यावयाची कमाल किंमत, विक्रेत्याच्या चिठ्ठीवर त्याने घ्यावयाची किमान किंमत, आणि दुसऱ्याचा आकडा कुणालाच माहीत नाही. तरीही काही फेऱ्यांत सौदे समतोल किमतीच्या जवळ येऊ लागले. हे निष्कर्ष १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण माहिती असलेले असंख्य ग्राहक आणि विक्रेते ही पाठ्यपुस्तकातली अट त्यासाठी लागली नाही, हे मला त्यांच्या कामातले सर्वांत मोलाचे वाटते. चिठ्ठीवरची किंमत आणि सौद्याची किंमत यांतला फरक रोख देण्याची पद्धत रुळल्यावर तो आकडा सहभागी व्यक्तीसाठी नुसता आकडाही राहिला नाही.

उत्तर २
वरील विवेचन मान्य आहे, पण ते चिठ्ठीच्या बाजारापुरते. काहनेमन, नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉर्नेल विद्यापीठातील ४४ विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना सुमारे ६ डॉलर किमतीचा कॉफीचा मग दिला. हा मग कुणाला मिळेल हे योगायोगावर होते, म्हणजे मगाची आवड दोन्ही गटांत सारखीच असणार; म्हणून वाटलेल्या २२ पैकी निम्मे मग, म्हणजे ११, हातोहात जायला हवे होते. चार फेऱ्यांत प्रत्यक्ष सौदे झाले ४, १, २ आणि २. ज्यांना मग मिळाला ते विद्यार्थी तो विकण्यासाठी, न मिळालेले विद्यार्थी देऊ करत असलेल्या किमतीच्या जवळपास दुप्पट किंमत मागत होते. त्याच विद्यार्थ्यांनी आधी नेमून दिलेल्या किमतीच्या टोकनांचा बाजार केला, तेव्हा मात्र सौदे सिद्धांताप्रमाणेच झाले होते. म्हणजे किंमत बाहेरून नेमून दिली की माणूस नीट हिशेब करतो, आणि ती स्वतःच्या मनातून काढायची असली की हातातली वस्तू सोडवत नाही. आपण विचारता तो ग्राहक मला या दुसऱ्या प्रयोगात दिसतो.

उत्तर ३
त्यात एक भर. जॉन लिस्ट यांनी अमेरिकेत खेळाडूंची कार्डे खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या खऱ्या बाजारात जाऊन हेच तपासले आणि २००३ मध्ये मांडले, की नवख्यांमध्ये हातातली वस्तू न सोडण्याची ही ओढ स्पष्ट दिसते, पण सराईत व्यापाऱ्यांमध्ये ती फारशी उरत नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांवरून निष्कर्ष काढताना त्यांनी याआधी किती सौदे केले आहेत, हेही विचारात घ्यावे.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. माझा गोंधळ दोन वेगळे प्रश्न एकत्र केल्यामुळे झाला होता. पुढच्या आठवड्यात एक तास जोडीजोडीने गुपचूप घासाघीस आणि दुसरा तास त्याच चिठ्ठ्यांवर उघड बोली, असे करून पाहीन. उघड बोलीच्या किती फेऱ्या घ्याव्यात?

उत्तर १
चार-पाच घ्याव्यात, आणि भूमिका व आकडे मध्येच बदलू नयेत. प्रत्येक सौदा झाल्याबरोबर त्याची किंमत फळ्यावर लिहावी. मागणी-पुरवठ्याची आकृती मात्र शेवटची फेरी संपल्यावरच काढावी. आधी काढली तर विद्यार्थी तिच्याकडे पाहूनच बोली लावतील.