मदत हवी आहे : सोलापूर शहर दक्षिण मतदारसंघाची जुनी हद्द

नमस्कार मंडळी. २००८ च्या पुनर्रचनेत 'सोलापूर शहर दक्षिण' हा विधानसभा मतदारसंघ गेला आणि २००९ पासून 'शहर मध्य' आला. आजचा 'दक्षिण सोलापूर' वेगळा, कृपया गल्लत नको.

मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम मास्तर या जुन्या 'शहर दक्षिण'मधूनच १९७८, १९९५ आणि २००४ साली निवडून आले. विडी कामगार आणि यंत्रमागावरच्या माणसांनी लाल बावट्याचा आमदार तीनदा मुंबईला पाठवला, ही साधी गोष्ट नाही. त्याची नीट नोंद व्हायलाच हवी, म्हणून लिहायला घेतलंय.

अडलंय ते हद्दीवर. शहराच्या पूर्व भागातल्या कोणत्या पेठा, कोणत्या झोपडपट्ट्या तेव्हा 'शहर दक्षिण'मध्ये होत्या? कुणाकडे २००४ किंवा त्याआधीची मतदार यादी, मतदान केंद्राची चिठ्ठी आहे का? आमच्या शेजारच्या आजींकडे एक चिठ्ठी निघाली, पण यादी भाग क्रमांकावरच तंबाखूचा डाग पडलाय. तेलुगू किंवा कन्नडमधली प्रचारपत्रकं मिळाली तर फारच उत्तम. नुसता फोटो पाठवलात तरी चालेल, मूळ कागद तुमच्याकडेच ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा जरूर विचारा, विशेषतः १९७८ च्या सभांबद्दल.