राऊजवळचा प्लॉट, काळी माती आणि एन २१: पाच फुटांवर फुटिंग चालेल का?

लोकमान्यनगरकर
नमस्कार. इंदूरजवळ राऊच्या पुढे ३० बाय ५० फुटांचा प्लॉट आहे, तळमजला अधिक दोन बांधायचे आहेत. मे महिन्यात माती तपासून घेतली, एकच बोअर. १.५ मीटरला एन (नळी मातीत ठोकायला लागलेले ठोके) २१, ३ मीटरला १६, ४.५ मीटरला मुरूम आणि तिथे रिफ्यूजल, म्हणजे ठोकूनही पुढे जाईना. खाली लिहिलंय, १.५ मीटरवर धारण क्षमता १८ टन प्रति चौ. मी. ठेकेदार खूश, म्हणतो पाच फुटांवर फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) टाकून मोकळे होऊ. पण वर एन जास्त आणि खाली कमी, असं उलटं कसं? बाबांचं वेगळंच, "रामबागेतल्या घराखाली कोणी ठोकून पाहिलं होतं?"

बोअरमास्तर
ताई, नेमकं तेच विचारलंत जे ठेकेदाराने विचारायला हवं होतं. उलटं काही नाही, मे महिना आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून विटेसारखी होते, स्पून, म्हणजे ठोकायची नमुना-नळी, आत जाईना. सप्टेंबरात तिथेच ठोकून बघा, ठोके बरेच कमी लागतील.

६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून पडतो, स्पून ४५ सेंमी उतरेपर्यंत. पहिल्या १५ सेंमीचे ठोके धरत नाहीत, बोअरच्या तळाची माती विस्कटलेली असते. पुढच्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे एन. आयएस २१३१ हे भारतीय मानक हेच सांगतं. रेतीत हा आकडा बरंच बोलतो, चिकणमातीत मात्र अंदाजापुरता.

आणि फील्ड शीट मागवाच. रॉडवर खडूने पंधरा-पंधराच्या खुणा करतात, हातोड्याचा दोर कॅटहेडवर, म्हणजे फिरत्या ड्रमवर, असतो. दुपारी ओढणारा दमला की हातोडा साठ-पासष्टवरूनच सुटतो, ठोके वाढतात आणि कागदावर माती मजबूत होते! साइटवर कोणी उभं होतं का?

खरी गोष्ट वेगळीच. काळ्या मातीत घर खचण्याआधी उचललं जातं. फुगण्याचा दाब १.५ किलो प्रति चौ. सेंमी निघाला, तर तो झाला १५ टन प्रति चौ. मी. तुमच्या फुटिंगचा भार १० असेल तर माती जिंकली. प्लिंथची भिंत आणि फरशी तर त्याहून हलकी, म्हणून पहिल्या भेगा तिथेच दिसतात. १८ टनांचा आकडा याबद्दल चकार शब्द काढत नाही. फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे सुटी माती पाण्यात किती टक्के फुगते तो आकडा, दिलाय का?

निपानियाकर
मास्तर, माती फुगते म्हणून आता पाईल (जमिनीत खोल उतरणारे काँक्रीटचे खांब) सुचवाल, लोकांना त्याची भीती नका घालू. आमच्याकडे सहा फुटांवर मुरूम लागला, फुटिंग सरळ मुरमात टाकल्या. विषय संपला.

बोअरमास्तर
तुमच्याकडे सहा फूट, म्हणून संपला. ताईंकडे पंधरा फूट आहे. एवढं खोदायचं, शेजाऱ्याची भिंत सांभाळायची, पावसात खड्डा भरला की पंप लावायचा! अशा ठिकाणी अंडर-रीम पाईलचा, म्हणजे खाली फुगवटा असलेल्या पाईलचा, विचार करावाच लागतो, आयएस २९११ भाग ३ त्यासाठीच आहे. ऋतूप्रमाणे ओल बदलते ती साधारण ३.५ मीटरपर्यंत, म्हणून पाईलचा फुगवटा त्याच्या खाली. प्लिंथ बीमखाली तीनेक इंच पोकळी ठेवायची, माती फुगली तर तिला जागा हवी. शेवटचा शब्द तुमच्या स्ट्रक्चरलवाल्याचा.

एका बोअरच्या रिफ्यूजलवर मात्र विसंबू नका. आपल्याकडच्या मुरमात घट्ट गोटे असतात, एखादा स्पूनखाली आला तरी ठोके अडतात. तिरक्या कोपऱ्यात दुसरा बोअर घ्या.

लोकमान्यनगरकर
शीट आली. १.५ मीटरला ७-९-१२. फ्री स्वेल ७५ टक्के. स्वेलिंग प्रेशर, म्हणजे फुगण्याच्या दाबाची चाचणी, केलंच नाही म्हणाले, स्पूनमधल्या मातीवर आता करून देऊ म्हणतात.

बोअरमास्तर
नको. स्पूनमधली माती हललेली असते, त्यावरचा आकडा घेऊन काय करणार? दुसऱ्या बोअरमध्ये पातळ ट्यूब दाबून नमुना काढायला सांगा, टोकांना मेण लावून त्याच दिवशी लॅबला. ७५ म्हणजे मध्यम फुगणारी, घाबरण्यासारखी नाही पण सोडून देण्यासारखीही नाही. आणि ठेकेदाराला आत्ताच बजावा, खोदलेली काळी माती प्लिंथमध्ये परत भरायची नाही. मुरमाच्या गाड्यांचा दर आधीच ठरवून घ्या.