प्रति: कॉलेजांनी मिळून ई-जर्नल्स घ्यावीत का?
कॉलेजांनी एकत्र येऊन ई-जर्नल्स घ्यावीत, ही वरची सूचना पटली. पण अशी वर्गणी चालू आहेच की! ग्रंथालयांना जोडणारं गांधीनगरचं केंद्र म्हणजे इन्फ्लिबनेट; त्याची एन-लिस्ट ही कॉलेजांसाठीची सामायिक वर्गणीची योजना २०१० पासून आहे. त्यात सहा हजारांवर जर्नल्स, शिवाय ई-पुस्तकं. साताऱ्यातल्या एकट्या कॉलेजाने प्रकाशकाशी काय घासाघीस करायची? तो सांगेल तो भाव.

केंद्र सरकारच्या 'एक राष्ट्र, एक सदस्यता' या जर्नल्सच्या योजनेला २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी मंजूर झाले, ३० प्रकाशक आले. मात्र ती सरकारी संस्थांसाठी. आमच्या सांगलीकडे बहुतेक कॉलेजं खासगी शिक्षणसंस्थांची. म्हणून आपल्याला एन-लिस्टच जवळची.

आमच्याकडे तर एन-लिस्टच्या लॉगिनची यादी कपाटात कुलूपबंद होती (खरंच!). निम्म्या पोरांना पत्ताच नव्हता. नवा गट काढण्याआधी एन-लिस्ट आहे का, तेवढं तुमच्या ग्रंथपालांना विचारा.