छोट्या लेथसाठी कूलंट पंपाची घरगुती सोय: सल्ला हवा आहे

विचारणा
नमस्कार. घरच्या वर्कशॉपमध्ये माझा साडेचार फुटी लेथ (धातूचा जॉब फिरवून कापणारे यंत्र) आहे, परंतु त्याला कूलंटची (कापताना टूल थंड ठेवणाऱ्या द्रवाची) व्यवस्था नाही. माइल्ड स्टीलवर पार्टिंग (जॉबचा तुकडा कापून वेगळा) करताना एका हाताने बाटलीतून सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळणारे तेल) सोडावे लागते आणि धार जराशी खंडित झाली तरी टूल अडकते. तयार कूलंट पंप माझ्या कामाच्या मानाने महाग पडतो, म्हणून एअर कूलरचा १८ वॅटचा पंप बादलीत बुडवून वापरावा असे मनात आहे. त्याहून चांगला पर्याय कोणी सुचवू शकेल का?

प्रतिसाद १
कूलरचा पंप कृपया टाळावा. आजकालच्या अनेक कूलर पंपांचा रोटर हा कायमस्वरूपी चुंबक असतो आणि तो पाण्यातच फिरतो. त्यामुळे लोखंडाचा बारीक चुरा त्याच्यावर काळ्या केसांसारखा चिकटत जातो आणि शेवटी पंप जाम होतो. अॅक्वेरियमच्या पंपाचेही तसेच. शिवाय २३० व्होल्टची वस्तू कूलंटमध्ये बुडलेली आणि आपला हात ओल्या लोखंडी यंत्रावर, ही जोडी मला मुळीच मान्य नाही. तरीही वापरणार असाल, तर अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांशिवाय तो सुरू करू नये.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. माझी शिफारस बॅटरीवरच्या फवारणी पंपातील १२ व्होल्टच्या डायफ्रॅम पंपाची (लवचिक रबरी पडदा हलवून द्रव ओढणाऱ्या पंपाची) आहे. तो कृषी सेवा केंद्रात सुटा मिळतो, टाकीबाहेर बसतो आणि स्वतःच कूलंट ओढून घेतो. मात्र नॉझलचा कॉक आवळला की त्याचा प्रेशर स्विच (दाब वाढला की पंप थांबवणारा) सारखा चालू-बंद होऊ लागतो, म्हणून टी (तीन तोंडांचा जोड) जोडून जादा कूलंट टाकीत परत सोडावे. सोल्युबल ऑइलमध्ये खनिज तेल असते, तेव्हा आतले रबर तेलाला टिकणारे आहे ना, हे विकत घेतानाच विचारावे.

पंपापेक्षाही टाकीकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. दोन बादल्या घ्याव्यात. ट्रेमधून येणारे कूलंट जाळीतून पहिल्या बादलीत पडावे, तिथे चुरा तळाशी बसावा आणि वरचे निवळ कूलंट दुसरीत ओसंडावे. सक्शनची नळी दुसऱ्या बादलीत, तळापासून चार बोटे वर ठेवावी आणि तिच्या वाटेवर फिल्टर बसवावा, कारण डायफ्रॅम पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये एक कण अडकला तरी धार बारीक होते.

विचारणा
मनःपूर्वक आभार, डायफ्रॅम पंपच घेतो. कूलंटसाठी बोअरचे पाणी चालेल का? आणि बिडाचे (कास्ट आयर्नचे) जॉब करतानाही धार सोडावी का?

प्रतिसाद २
बोअरचे पाणी जड (क्षारयुक्त) असेल तर तेल फुटून वर तरंगते. त्यापेक्षा पावसाचे किंवा आरओचे पाणी घ्यावे. डब्यावर वेगळे प्रमाण दिलेले नसेल तर वीस भाग पाण्याला एक भाग तेल पुरते, मात्र पाण्यात तेल ओतावे, तेलात पाणी नव्हे. बीड कोरडेच कापावे. त्याची भुकटी कूलंटमध्ये मिसळली की चिखल होऊन तो लेथच्या स्लाइडमध्ये (सरकत्या भागांत) शिरतो, म्हणून बिडाचे काम झाल्यावर ट्रे पूर्ण पुसून मगच पंप सुरू करावा.